पदरमोडीची पुस्तकं

मराठीत पदरमोड हा फार बोलका शब्द आहे. पदराच्या गाठीला बांधलेलं सोडायचं आणि खर्च करायचं, ती पदरमोड. लेकीच्या लग्नात झालेल्या पदरमोडीचं लोक कौतुक करतात. पुस्तक काढण्यासाठी झालेल्या पदरमोडीवर मात्र गालातल्या गालात हसतात. ‘स्वतःच छापलंय वाटतं,’ असं म्हणून पुस्तक बाजूला ठेवतात. जणू दुसऱ्या कुणी छापलं असतं तर त्यातली कविता जास्त खरी झाली असती!

आज मला या स्वतःच लिहिणाऱ्या, स्वतःच छापणाऱ्या आणि बऱ्याचदा स्वतःच पिशवीत घालून विकणाऱ्या माणसांविषयी बोलायचं आहे. त्यांत कवी आहेत, शाहीर आहेत, तशी चित्रांतून गोष्ट सांगणारी माणसंही आहेत.

मी लिंबागणेशचा. बीडहून मांजरसुंब्याला यायचं, तिथून पाटोद्याच्या रस्त्याला लागायचं, की भालचंद्र गणपतीचं आमचं गाव येतं. कोरडवाहू शेतीचा भाग. दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात. आमच्याकडे प्रकाशक नाही, पण लिहिणाऱ्यांची वाण नाही. भजनं रचणारे आहेत, पोवाडे करणारे आहेत, उरुसासाठी कव्वाली लिहिणारे आहेत आणि वहीच्या मागच्या पानांवर चित्रांची गोष्ट काढणारी पोरंही आहेत. गेली कित्येक वर्षं मी अशा माणसांशी बोलत आलो आहे. ‘या कवितेचा अर्थ काय?’ असं मी सहसा विचारत नाही. ‘हे कुठं छापलं? पैसे कसे उभे केले? किती प्रती काढल्या? कुणी घेतल्या?’ असं विचारतो. या साध्या प्रश्नांच्या उत्तरांत साहित्याचा एक अख्खा इतिहास दडलेला असतो. तो आपण अजून नीट मांडलेला नाही.

खरं तर विचारून लिहून ठेवणं ही मराठीची जुनी सवय. आपल्या गद्याचा पाया म्हणून आपण ‘लीळाचरित्रा’कडे बघतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ते सिद्ध केलं. चक्रधरस्वामींच्या सहवासात जी जी माणसं आली, त्यांच्याकडे ते गावोगाव गेले. कुणी काय पाहिलं, कुणी काय ऐकलं, हे त्यांनी विचारलं, पडताळलं आणि लिहिलं. म्हणजे मराठी गद्याची सुरुवातच गाठीभेटींतून आणि विचारपुशीतून झाली. ज्या भाषेनं सातशे वर्षांपूर्वी हे केलं, तिला आपल्या छापणाऱ्या माणसांची विचारपूस जड जाऊ नये.

छपाई आपल्याकडे स्थिरावली तीही अशाच हिकमती माणसांमुळे. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहिला आणि स्वतःच्या डोक्यानं यंत्र उभं केलं, शाईसुद्धा स्वतः केली. १८३१ साली त्यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. छापलेलं पंचांग शुद्ध कसं मानायचं, अशी शंका घेणारी माणसं होती, कारण शाईत चरबी असेल अशी धास्ती होती. हळूहळू लोकांच्या सोयीनं शंकेवर मात केली. पुढं गणपत कृष्णाजींचा छापखाना मराठी ग्रंथांचं मोठं घर झाला.

ग्रंथ वाढले तशी सरकारची नजरही वळली. १८५७चा उठाव होऊन दहा वर्षं झाली आणि १८६७ साली छापखाने आणि पुस्तकं यांच्या नोंदणीचा कायदा आला. पुस्तक छापलं की त्याच्या प्रती सरकारकडे जमा करायच्या. दर तीन महिन्यांनी सरकार त्यांची यादी काढायचं. तीत पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, मुद्रक, प्रकाशक, पानं, आकार, किती प्रती छापल्या, किंमत काय, छपाई शिळेवरची की खिळ्यांची, हक्क कुणाकडे, एवढं सगळं असायचं. सरकारनं हे विचारलं ते साहित्याच्या प्रेमापोटी नव्हे, संशयापोटी. पण आज एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांचा अभ्यास करणाऱ्यांना या याद्यांचाच केवढा तरी आधार आहे. संशयानं विचारलेले प्रश्नही पुढच्या पिढ्यांच्या असे कामी येतात.

आता याच काळातली दोन माणसं बघा. पहिले महात्मा जोतीराव फुले. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीनं ते नाकारलं आणि जोतीरावांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. १८७३ साली ‘गुलामगिरी’ आली. हे पुस्तकसुद्धा संवादातच लिहिलेलं आहे, धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून झाला, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’त त्याची पहिली दोन प्रकरणं आली आणि मग छापणं थांबलं. आपल्याच चळवळीचं पत्र, आपलाच सहकारी, तरी पुढचा मजकूर छापणं त्याला झेपलं नाही. १८८५ साली जोतीरावांनी ‘सत्सार’चे दोन छोटे अंक काढले. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचं त्यांना निमंत्रण आलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा प्रश्न जिथं नाही, तिथं आपलं काम नाही, असा त्या पत्राचा सूर होता. स्वतंत्र लेखक म्हणजे काय, याची व्याख्या करायची तर मी हे पत्र पुढं ठेवीन. पुस्तक स्वतः छापणं एवढ्यानं लेखक स्वतंत्र होत नाही. कुणाच्या मंडपात बसायचं आणि कुणाच्या नाही, हेही त्याला ठरवावं लागतं.

दुसऱ्या ताराबाई शिंदे. बुलढाण्यासारख्या त्या वेळच्या आडगावी राहणारी ही बाई. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात तिनं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून घेतलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, हा तिचा प्रश्न. त्यावर एवढी टीका झाली की ‘सत्सार’मध्ये जोतीरावांना तिची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर तिचं दुसरं पुस्तक आलं नाही. आज जगभरच्या विद्यापीठांत ते पुस्तक शिकवतात. पण बुलढाण्याहून पुण्यापर्यंत हस्तलिखित कसं पोचलं, छपाईचे पैसे कुणी मोजले, पहिल्या पाचशे वाचकांत बायका किती होत्या, हे तिला तिच्या हयातीत कुणी बसून विचारलं असतं, तर ते मराठी स्त्रीच्या इतिहासातलं सोन्याचं पान झालं असतं.

विसाव्या शतकात खिळ्यांचे छापखाने तालुक्यातालुक्यांत पोचले. पण प्रकाशनाच्या पेढ्या मुंबई-पुण्यातच राहिल्या. मग त्या पेढ्यांना वळसा घालणाऱ्या वाटा निघाल्या. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ नावाचं अनियतकालिक काढलं. ते सायक्लोस्टाईल केलेलं होतं. आजच्या पोरांना हा शब्द सांगावा लागतो. मेणाचा लेप दिलेल्या कागदावर टाइपरायटरनं किंवा टोकदार लेखणीनं अक्षरं कोरायची, तो कागद यंत्राच्या रुळावर चढवायचा आणि हातानं दांडा फिरवत एकेक प्रत काढायची. काही शे प्रती निघाल्या की कागद फाटायला यायचा. म्हणजे किती वाचक असावेत हेसुद्धा तो कागदच ठरवायचा!

पुढं साठीच्या दशकात अशोक शहाण्यांचं ‘असो’ निघालं. राजा ढाले, सतीश काळसेकर, चंद्रकांत खोत अशा कितीतरी जणांनी ‘येरू’, ‘फक्त’, ‘आत्ता’, ‘अबकडई’ या नावांचे अंक काढले. नावं बघा, त्यांतच सगळा हट्ट आहे. आमच्या मराठवाड्यातही हे वारं आलं. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, ‘वाचा’ निघालं. तिथूनच गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ सुरू झालं. दलित लेखकांच्या पिढ्या या एका नियतकालिकाच्या पानांवर लिहित्या झाल्या. पानतावण्यांनी ते जवळपास अर्धशतक चालवलं. मुंबईत सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’नं वाचकांकडून आधी पैसे घेऊन पुस्तक काढण्याची पद्धत रुजवली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० साली ‘ग्रंथाली’कडून आलं. पदर एकाचा न मोडता शेकडो वाचकांचा थोडा थोडा मोडायचा, अशी ही युक्ती होती.

अशोक शहाण्यांचं ‘प्रास प्रकाशन’ तर जवळपास एका माणसाचं घर. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ साली ‘प्रास’नं काढला. कोलटकर पोटासाठी जाहिरातीच्या क्षेत्रात चित्रकाराचं काम करत. त्यामुळे पान कसं दिसावं हे त्यांच्या दृष्टीनं कवितेचंच अंग होतं. मग जवळपास पंचवीस वर्षांनी, शेवटच्या आजाराच्या सुमारास, ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’ अशी पुस्तकं आली. कोलटकर २००४ साली गेले आणि २००५ साली ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देशातला मोठा सन्मान एका माणसाच्या प्रकाशनातून निघालेल्या पुस्तकाला मिळाला! पण कोलटकर मुलाखतींपासून कायम लांब राहिले. शहाण्यांसारख्या सोबत्यांनी जे सांगितलं, त्यावरच आपली भूक भागवावी लागते.

लहानसा कागदही किती लांब जातो, याचं उदाहरण ‘प्रास’मध्येच आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८३ साली भिंतीवर लावायचं पोस्टर म्हणून निघाली. १९९४ साली ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात पुन्हा छापली गेली. त्यावरून लातूरच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. तिथला निकाल २०१५ साली लागला. एका पोस्टरनं बत्तीस वर्षांचा प्रवास केला. तेव्हा ‘थोड्याच प्रती तर आहेत, कोण वाचणार?’ असं कुणी म्हटलं तर मला हे आठवतं.

मराठीत लिहिणाऱ्या आम्हा मुसलमानांची गोष्टही यातच येते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, शहागडचे शाह मुनी यांच्या ओव्या छापखान्याच्या कितीतरी आधी लोकांनी हातानं उतरवून जपल्या. बार्शीचे शाहीर अमर शेख म्हणजे मूळचे मेहबूब हुसेन पटेल. गिरणगावापासून खेड्यापर्यंत त्यांचा आवाज पोचला तो कुठल्या पुस्तकाच्या दुकानामुळे नव्हे, मैदानांमुळे. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखी माणसं त्यामागे होती. अशा संमेलनांचा एक फायदा कुठल्या ठरावात नोंदलेला नसतो. मांडवाच्या कडेला सतरंजी टाकून बसलेल्या कवींच्या पुस्तकांना तिथं पहिलं गिऱ्हाईक मिळतं.

माझा पहिला संग्रहही पदरमोडीचाच. तेव्हा बीडला खिळ्यांचे छापखाने मागं पडून ऑफसेट आणि डीटीपी येत होतं. बकरी ईदच्या बाजारासाठी वाढवलेले दोन बोकड विकले, त्यात छपाईचा पहिला हप्ता गेला. मुद्रकानं मला पहिला धडा दिला तो फर्म्याचा. सोळा पानांचा एक फर्मा. चौसष्ट पानांचं पुस्तक म्हणजे चार फर्मे. पासष्टावं पान झालं की पाचव्या फर्म्याचा खर्च आला. माझ्या तीन कविता त्या चौसष्टाव्या पानापाशी थांबल्या. समीक्षक म्हणतील, कवीनं निवड काटेकोर केली. काटेकोरपणा कागदाचा होता.

पुढं आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या शाहिराशी बोलताना हाच फर्मा वेगळ्या रूपानं भेटला. यात्रेत, उरुसात, आठवडी बाजारात ते गाणी गात आणि सोळा पानांची पुस्तिका विकत. मी विचारलं, “तात्या, कोणतं गाणं छापायचं ते कसं ठरवायचा?”

“भाई, आपुन कोन ठरवनार? आधी गायचं. चार जत्रांत लोकायनी पुन्हा म्हणा म्हणलं, की ते गाणं पास. मंग छापखान्यात.”

“आणि नापास झालेली?”

“ती घरी. म्हातारी ऐकती ना!”

“पुस्तिका घेणाऱ्याला वाचता यायचं का?”

“समद्यायला नाय यायचं. पर घरात नेऊन ठेवायची. म्हणायची, पोरगं शिकलं की वाचील.”

या चार वाक्यांत मला संपादनाची पद्धत कळली, बाजार कळला आणि साक्षरतेचा इतिहासही कळला. निरक्षर माणूस पुस्तक विकत घेतो, कारण त्याचा आपल्या पोराच्या शिक्षणावर भरवसा असतो. कुठल्या ग्रंथसूचीत ही नोंद सापडणार? तात्यांच्या पुस्तिका कुठल्या ग्रंथालयात गेल्या नाहीत. त्या चुलीच्या धुरानं काळवंडल्या, पावसानं गळाल्या. राहिलं ते त्यांनी सांगितलेलं.

आता चित्रांच्या गोष्टींकडे वळू. कॉमिक्स म्हटलं की आपल्याला परदेशी वाटतं. पण चित्र दाखवत गोष्ट सांगणं आपल्याकडे जुनं आहे. गोदावरीकाठच्या पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रं पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग काढलेली ही पानं चित्रकथी लोकांपुढं एकामागून एक धरत आणि वाद्याच्या साथीवर कथा लावत. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं ही कला आजवर टिकवली. तिथल्या परशुराम गंगावण्यांनी घरच्या गोठ्याचं कलादालन केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीनं सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून काढला. कागद पुरला नाही तर कापड घ्यायचं, पण मनातलं मांडायचंच, ही ओढ इथल्या मातीत आहे.

छापील चित्रकथा आपण वाचली ती ‘चांदोबा’त आणि १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’त. त्यातली चित्रं काढणारे राम वाईरकर, प्रताप मुळीक हे आपल्याच महाराष्ट्रातले. १९९१ साली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ ‘सकाळ’मध्ये आला आणि घराघरातला झाला. पण ही सगळी संस्थांच्या आधारानं चाललेली कामं. आपल्याच आयुष्याची गोष्ट स्वतः छापायची, ही वाट चित्रकथेत जरा उशिरा आली.

अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात हार्वी पेकर नावाचा माणूस होता. सरकारी रुग्णालयात फायली लावणारा कारकून. त्याला चित्रं येत नव्हती. काड्यांची माणसं काढून तो गोष्ट लिहायचा आणि मित्र चित्रं काढायचे. नोकरी, महागाई, शेजारी, हेच त्याचे विषय. १९७६ सालापासून तो आपलं कॉमिक स्वतःच्या पैशानं छापत राहिला. म्हणजे पदरमोड हा शब्द आपला, पण ती करणारे सगळीकडे आहेत. त्याच देशात आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या वडिलांपुढं टेपरेकॉर्डर ठेवला आणि हिटलरच्या छळछावण्यांच्या आठवणी विचारल्या. त्यातून ‘माउस’ ही चित्रकथा झाली. ती आधी त्यांनी पत्नीबरोबर काढलेल्या ‘रॉ’ या स्वतःच्या मासिकात क्रमशः आली आणि १९९२ साली तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. पुढं २०११ साली, ‘माउस’ कसं घडलं याविषयीच्या प्रश्नोत्तरांचं एक जाडजूड पुस्तकच निघालं. लेखकाशी केलेल्या बोलण्याला तिकडं एवढी किंमत आहे.

आपल्याकडे १९९४ साली ओरिजित सेन यांची नर्मदेच्या लढ्यावरची चित्रकथा आली. २०११ साली ‘भीमायन’ आलं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी त्यात रंगवले. ते पुस्तक उघडलं की पानावर नेहमीचे चौकोन दिसत नाहीत. का? चौकटीत माणसं कोंडली की त्यांना मोकळा श्वास घेता येत नाही, असं या चित्रकारांचं म्हणणं. बोलण्याचे फुगेही निराळे. सौम्य बोलणाऱ्यासाठी पक्ष्याचा आकार आणि जातीचं विष ओकणाऱ्यासाठी विंचवाच्या नांगीचा. कुणीतरी विचारलं, त्यांनी सांगितलं आणि ते छापून ठेवलं गेलं, म्हणून आपण ते पुस्तक जास्त डोळसपणे बघतो. त्याच वर्षी जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वरही इंग्रजीत चित्रकथा आली. लेखिका श्रीविद्या नटराजन आणि चित्रकार अपराजिता निनान. १८७३चं पुस्तक असं एकशे अडतीस वर्षांनी चित्रांत बोलू लागलं.

यातली सगळ्यात स्वस्त वाट शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’नं गावोगाव नेली. दोन साधे कागद जोडायचे, चार चौकोन आखायचे, आपली गोष्ट काळ्या शाईनं काढायची, झेरॉक्स काढायची आणि भिंतीवर चिकटवायची. छापखाना नको, प्रकाशक नको. आमच्या भागातल्या एका शाळेत भित्तीपत्रकासाठी मुलांनी अशा गोष्टी काढल्या होत्या. ऊसतोड करणाऱ्या आईबापांची एक मुलगी. तिनं कोपी काढली होती, गाडी काढली होती, कोयता काढला होता. उचल देणारा मुकादम मात्र पाठमोरा. मी म्हटलं, “बाळा, याचं तोंड का नाही काढलंस?”

ती हळूच म्हणाली, “सर, तोंड काढलं की ओळखू येतो ना. मग पुढच्या साली पप्पांना उचल कोण देईल?”

त्या उत्तरापुढं मी काही बोललो नाही. चित्र नुसतं पाहिलं असतं, तर पोरीला चेहरा काढता येत नाही, असं वाटलं असतं. ती पाठ अडाणीपणाची नव्हती, विचारपूर्वक काढलेली होती. स्वतःच लिहिणाऱ्याला मोकळीक असते खरी, पण त्याच गावात त्याला राहायचंही असतं. संस्थेच्या आडोशाला उभं राहण्याची सोय त्याला नसते. त्याच्या शब्दांची आणि चित्रांची वळणं कुठून आली, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

आता हे विचारण्याची निकड वाढली आहे. १८६७चा तो जुना कायदा जाऊन २०२३चा नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४पासून तो लागू झाला. तो फक्त नियतकालिकांसाठी आहे, पुस्तकं त्यातून वगळली आहेत. सरकारची नजर पुस्तकांवरून हटली, हे चांगलंच. मात्र किती प्रती, किती किंमत, कोणता मुद्रक, हे विचारणारा जुना कारकूनही त्याबरोबर गेला. पुस्तकांच्या प्रती ठरावीक मोठ्या ग्रंथालयांना पाठवण्याचा १९५४चा कायदा आहे. पण यात्रेतली सोळा पानांची पुस्तिका आणि शाळेच्या भिंतीवरची झेरॉक्स तिथवर कशी जाणार? आजचा तरुण कवी तर कविता मोबाइलवरच पाठवतो. मोबाइल बदलला की कविताही गेली. म्हणून सरकारनं जे संशयानं विचारलं, ते आता आपल्याला आपुलकीनं विचारावं लागेल.

हे काम फार खर्चाचं नाही. १९६७च्या कायद्यानं महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणलं गेलं. गावच्या ग्रंथालयानं एक कपाट पंचक्रोशीतल्या पदरमोडीच्या पुस्तकांसाठी ठेवावं. कॉलेजात मराठी घेतलेल्या मुलामुलींनी मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण सुरू करून आपल्या गावच्या कवीपुढं, शाहिरापुढं, चित्रं काढणाऱ्या मुलीपुढं बसावं. प्रश्न साधे ठेवावेत. पहिलं कधी लिहिलं? कुणी ऐकलं? कुठं छापलं? पैसे कसे फेडले? किती प्रती उरल्या? काय गाळलं आणि का गाळलं? शेवटचा प्रश्न नक्की विचारावा, पण ज्याचं उत्तर छापल्यानं सांगणाऱ्याला त्रास होईल, ते त्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढू नये. म्हाइंभटांनी गावोगाव पायपीट करून जे केलं, ते आता खिशातल्या यंत्रावर होतं.

आणि वाचकांनी एक करावं. रद्दीच्या दुकानात ‘सप्रेम भेट’ लिहिलेली पुस्तकं मी खूप पाहिली आहेत. फुकट आलेलं पुस्तक लवकर रद्दीत जातं. तेव्हा यात्रेत, संमेलनात, एसटी स्टँडवर कुणी पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढून पुढं धरलं, तर भेट मागू नका. छापलेली किंमत द्या आणि पुस्तक घ्या. मग जवळ चहाची टपरी असेल तर त्याला तिथं बसवा आणि विचारा, “हे छापलंत कसं?” तो सांगेल. पुष्कळदा त्याला हे विचारणारे तुम्ही पहिलेच असाल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)